चष्मेवाल्याची छोटी पुली

दुकानाच्या पाटीवर चष्म्याचं चित्र होतं, पण आतल्या चष्मेवाल्याला अख्खी गल्ली ‘पावनंबर’ म्हणायची. त्याच्या खुर्चीत डोळे तपासायला बसलेला माणूस नंबरात पावाचा फरक पडल्याशिवाय उठत नसे. कुणाचा पाव वाढलेला, कुणाचा पाव उतरलेला. ‘होता तसाच आहे’ असं त्यानं आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं. यात लबाडी होती म्हणावं, तर तीही नव्हती. त्याचा खरंच विश्वास होता. जगातली कुठलीच वस्तू बरोबर नसते, बरोबरच्या जराशी अलीकडे नाहीतर जराशी पलीकडे असते, आणि तेवढी सरकवली की काम फत्ते, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

या सरकवासरकवीतून घरही सुटलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड म्हणून त्यानं उरलेले तीन कापले. मग चौथा लांब वाटायला लागला. असं करत करत टेबल इतकं खाली आलं की पाहुण्यांना जेवताना आपलेच गुडघे आडवे यायचे. मिशी दोन्ही बाजूंनी सारखी करता करता एके दिवशी अख्खीच गेली, तेव्हा आरशात बघून तो म्हणाला होता, “आत्ता कुठे बरोबर झाली.”

बायको जलतरण तलावावर पोहायला शिकवायची. काठावरून ओरडून माणसं वर काढायची सवय, त्यामुळे घरात तिनं मीठ मागितलं तरी शेजारीण बरणी घेऊन दाराशी यायची. नवऱ्याच्या उद्योगांबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं. “अहो, जे चाललंय ते चालू द्या.” नेमकं तेवढंच त्याला जमत नसे.

त्याच्याकडे सोळा वर्षांची एक मोटार होती. आधीच्या मालकानं जपून वापरलेली, रंग विटलेला, पण तब्येत ठणठणीत. दर रविवारी दुपारी ही मोटार नवरा-बायकोला घेऊन टेकडी चढायची, कारण टेकडीवर सासूबाई राहायच्या. सासूबाई म्हणजे चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. एकट्या राहायच्या, आणि दोन्ही मुली नि दोन्ही जावई रविवारी जेवायला आलेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता.

दुसरा जावई, म्हणजे चष्मेवाल्याचा साडू, इमारतींना लिफ्ट बसवायचा. लोकांना वर नेणं हा त्याचा धंदाच होता आणि वर जाणं हा स्वभाव. त्याच्याकडे भलीथोरली नवी डिझेल गाडी होती. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर ही गाडी मागून यायची, दोनदा ‘पिप पिप’ करायची आणि सोळा वर्षांच्या मोटारीला धूळ चारून निघून जायची. एक रविवार नाही, दोन नाही, सहा वर्षं. चष्मेवाला गिअर खाली टाकायचा, ॲक्सिलरेटर तुडवायचा, अंगानं पुढे झुकायचा. मोटार फक्त आवाज वाढवायची.

“झुकून काय होणार आहे?” बायको विचारायची.

“वजन पुढे जातं,” तो म्हणायचा.

अशा माणसाला कुणी पुलीची गोष्ट सांगू नये. पण मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं ती सांगितली. इंजिनाची सगळी ताकद चाकांना मिळत नाही, हे त्याला तिथं पहिल्यांदा कळलं. इंजिनाच्या टोकाला एक पुली, तिच्यावर एक पट्टा, आणि त्या पट्ट्यावर चार जण आयते बसलेले: बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंग हलकं करणारा पंप आणि इंजिनाभोवती पाणी फिरवणारा पंप. इंजिन राबणार आणि हे चौघं त्याच्या जिवावर गरगर फिरणार. चष्मेवाल्याला एकदम रविवारच्या पंगतीतला साडू आठवला.

उपायही तिथंच होता. इंजिनाची पुली लहान करायची. म्हणजे पट्टा सावकाश फिरतो, चौघांचा खुराक कमी होतो आणि वाचलेली ताकद चाकांकडे जाते. त्या पुलीला अंडरड्राइव्ह पुली म्हणतात. मूळ पुलीपेक्षा किती लहान? पाव भागानं.

पाव! तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. समोर गिऱ्हाईक चाचणीची चौकट डोळ्यावर चढवून ‘ई, एफ, पी’ वाचत बसलं होतं, ते एकटंच वाचत राहिलं.

पुली आठवड्यात घरी आली. निळी, चकचकीत, ॲल्युमिनियमची, हातात घेतली तर बशीएवढी हलकी. तो ती घेऊन वस्तादाकडे गेला. वस्ताद म्हणजे तीस वर्षं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या उघडणारा मेकॅनिक. त्याला बोलायचा कंटाळा होता आणि काम सांगणाऱ्यांचा त्याहून जास्त. त्यानं पुली उलटसुलट करून पाहिली.

“बसवतो,” तो म्हणाला. “पट्टाही आखूड लागेल. पण साहेब, एक सांगू? पळाल तोवर मजा आहे. उभे राहू नका.”

“म्हणजे?”

“इंजिन जोरात फिरतं तेव्हा चौघांना पुरेसं मिळतं. उभ्या गाडीत इंजिन आधीच हळू, त्यात तुम्ही पाव कापलेला.” मग त्यानं काढलेली जुनी पुली हातावर तोलली. ती चांगलीच जड होती. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये रबराचं काळं वळं होतं. “आणि ही नुसती चकती नाही. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, फिरताना थरथरतो, ती थरथर हे रबर पितं. तुमच्या निळीत रबर कुठंय?”

“वजन कमी व्हावं म्हणून नसेल ठेवलं,” चष्मेवाला म्हणाला.

वस्तादानं पाना उचलला.

पहिला रविवार सोन्याचा निघाला. इंजिनाच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. पाय ठेवला की सुई आधीपेक्षा चटकन वर जायची. किती चटकन? मोजायला गेलं तर नखभर. पण सहा वर्षं धूळ खाल्लेल्या माणसाला नखभरही वावभर वाटतं. तिसरं वळण आलं. मागून डिझेल गाडी आली. ‘पिप पिप’ झालं. चष्मेवाल्यानं गिअर टाकला, पुढे झुकला, आणि डिझेल गाडी मागेच राहिली! चौथं वळण, पाचवं, सासूबाईंचं फाटक.

जेवताना त्यानं सगळ्यांना पुली समजावून सांगितली. पापडाच्या दोन तुकड्यांवर दोरा गुंडाळून दाखवला.

“वा वा, साडूभाऊ,” साडू म्हणाला. “मी फोनवर होतो. तुम्ही पुढे गेलात हे मला इथं आल्यावर कळलं.”

एवढ्या एका वाक्यानं त्याचं जेवण गेलं. पण पुली होती ना! पुढच्या रविवारी फोन नसेल, असं म्हणून त्यानं मन आवरलं.

पुढचा रविवार यायच्या आत सोमवार आला, आणि सोमवार सिग्नलवर उभा राहायचा असतो.

पहिल्या सिग्नलला एसीतून कोमट वारा यायला लागला. दुसऱ्याला बॅटरीचा लाल दिवा डोळा मारायला लागला. वळण्याचा दिवा लावला की त्याच्या तालावर पुढचे मोठे दिवेही मान डोलवायचे. दुकानासमोर गाडी लावताना स्टिअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढत, ओठ चावत त्यानं ती कशीबशी आत घातली. समोरच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, “काय पावनंबर, म्हैस वळवताय का?”

पण चष्मेवाल्याकडे यावरही उपाय होता. उभं असताना इंजिन हळू फिरतं हीच अडचण ना? मग फिरू द्यायचंच नाही हळू. तो सिग्नलला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायला लागला. घुर्रर्र. घुर्रर्र. दिवे उजळायचे, वारा गार व्हायचा. फक्त शेजारी मोटारसायकलवर उभ्या असलेल्या पोरांना वाटायचं, हा म्हातारा आपल्याला शर्यतीचं बोलावणं देतोय. तीही घुर्रर्र करायची. एकावन्न वर्षांचा, मऊ स्वेटर घातलेला, खिशात काच पुसायचं पिवळं फडकं असलेला चष्मेवाला नजर समोर ठेवून सिग्नल सुटायची वाट बघायचा. सिग्नल सुटला की पोरं सुसाट जायची आणि पुढच्या चौकात थांबून त्याला अंगठा दाखवायची.

“तुम्ही घरी इतके शहाण्यासारखे वागता,” बायको म्हणाली, “आणि गाडीत बसलात की अंगात येतं.”

त्यानंतरच्या रविवारी तिसऱ्या वळणावर ‘पिप पिप’ झालंच नाही; साडू आधीच येऊन बसलेला असायचा. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, पण ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. ठराविक वेगाला गाडीचा आरसा थरथरायचा. मागची चित्रं विरघळायची. मागचा ट्रक आहे की बस, कळायचं नाही. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, आणि त्याच्याच आरशात सगळं धूसर. त्यानं आरसा पुसला. मग त्याचा स्क्रू पिळला. मग आरशाकडे बघणंच सोडून दिलं.

धूसरपणाचं म्हणाल तर सासूबाईंनाही दोन वर्षं धूसर दिसत होतं. त्यांनी सांगितलं तेव्हा जावयानं पाव नंबर बदलून दिला. सहा महिन्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा पाव. तिसऱ्यांदाही पावच. चौथ्यांदा त्या त्याच्याकडे आल्याच नाहीत, परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि पाच मिनिटांत सांगितलं, मोतीबिंदू. चांगला पिकलाय.

सासूबाईंनी जावयाला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त फोन करून सांगितलं, “बुधवारी साडेअकराला ऑपरेशन आहे. तुम्ही न्यायचंय मला, जावईबापू. लिफ्टवाल्यांना नाही सांगितलं.” हा मान होता की शिक्षा, हे त्याला बुधवारपर्यंत कळलं नाही.

बुधवारी ऊन कडक होतं. सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. बायको तलावावरून थेट आली होती, गळ्यात शिट्टी तशीच, ती मागे बसली. नदीच्या पुलावर चढेपर्यंत सगळं छान होतं. पुलाच्या मध्यावर गाड्या थांबल्या. पुढे कुठेतरी एका ट्रकमधून लोखंडी पाइप रस्त्यावर सांडले होते.

पाच मिनिटं गेली. एसीनं मान टाकली. बॅटरीचा दिवा लुकलुकला. चष्मेवाल्यानं सवयीनं पाय ठेवला. घुर्रर्र.

“हे काय करताय?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. थोडं फिरवून घेतोय.”

“मागे पापडावर दाखवलंत ते हेच ना? जुन्या पुलीवर पंप किती फिरायचा?”

“इंजिनाच्या सव्वापट म्हणा, त्याहून थोडा कमी.”

“एक पूर्णांक दोन धरू. उभ्या गाडीत इंजिन आठशे. म्हणजे पंप नऊशे साठ. आता पाव कमी, सातशे वीस.” सासूबाईंनी एक डोळा मिटला, जणू फळा समोर आहे. “पुन्हा नऊशे साठ हवे असतील तर इंजिन जवळजवळ अकराशेवर ठेवायला लागेल. म्हणजे पट्ट्यावर वाचवलं ते तुम्ही पायानं परत देताय. वर तेल जाळताय.”

मागून बायको म्हणाली, “आई, हे तू एका मिनिटात सांगितलंस. मी महिनाभर नुसती ओरडतेय.”

“ओरडून गणित सुटत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आणि जावईबापू, ती सुई कसली? लाल रेघेकडे चाललीय ती?”

ती सुई पाण्याच्या तापमानाची होती. चष्मेवाल्यानं वस्तादाला फोन लावला.

“उभे आहात?” वस्तादानं विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“पुलावर. पंधरा मिनिटं झाली.”

“एसी बंद करा. हीटर लावा. पूर्ण.”

“हीटर? बाहेर आग ओकतंय ऊन!”

“इंजिनातली गरमी कुठंतरी काढायला नको? तुमच्या अंगावर काढा.”

त्यानं हीटर लावला. तोंडावर भट्टीचा झोत आला. बायकोनं चारही काचा खाली केल्या आणि आजूबाजूच्या गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याच्या सरकवासरकवीचा आजवरचा इतिहास सांगितला, टेबलाच्या पायांपासून मिशीपर्यंत. शेजारच्या टेम्पोवाल्यानं ऐकता यावं म्हणून गाडीच बंद केली. सासूबाई पदरानं वारा घेत सुईवर नजर ठेवून होत्या. “जरा खाली आली,” त्या सांगायच्या. “थांबली. पुन्हा चढली.”

शेवटी सुई लाल रेघेला टेकली आणि त्यानं इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी पुढच्या गाड्या हलल्या. त्यानं चावी फिरवली. ‘टक्’ एवढाच आवाज आला. महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीनं हात वर केले होते.

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. त्या कल्लोळात एक आवाज ओळखीचा होता. ‘पिप पिप.’ चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले. साडू आणि मेहुणीही दवाखान्यातच निघाले होते, आणि चार गाड्या मागे अडकले होते. साडू उतरून चालत आला. त्यानं लाल सुई पाहिली, हीटर पाहिला, घामानं निथळणारी सासू पाहिली. त्याच्याकडे सहा वर्षांचा मसाला तयार असणार. पण तो इतकंच म्हणाला, “साडूभाऊ, मागून ढकलू की बाजूनं?”

“मी ढकलते,” बायको म्हणाली. “तुम्ही दोघं लावा खांदा.”

“मग स्टिअरिंगवर कोण?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या आणि सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्यासुद्धा.

“आई, तुम्हाला गाडी येत नाही! आणि डोळा...”

“गाडी बंद आहे, तिला काय यायचंय? आणि दुसरा डोळा शाबूत आहे. तुमच्या तिन्ही चष्म्यांपेक्षा बरा.”

बायकोनं शिट्टी फुंकली. “एक, दोन, तीन, हो!” मोटार हलली. साडू एरवी बटण दाबून माणसं चढवायचा. आज त्याच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती आणि उजव्या पायातला बूट मागे रस्त्यावर राहिला होता. मेहुणी त्यांची गाडी हळूहळू मागून आणत होती. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. सासूबाई अख्ख्या अंगानं त्याला लोंबकळल्या होत्या आणि आतून ओरडत होत्या, “डावीकडे येत नाहीये! जरा कमी कोनातून ढकला!” मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेली बाई चाकावर, हे टेम्पोवाल्यानं पाहिलं आणि त्यानं आपली गाडी अंमळ लांब ठेवली.

पुलाच्या टोकाला फरशांच्या दुकानासमोर मोटार एकदाची लागली. साडूनं बूट शोधून आणला, सासूबाईंना आणि चष्मेवाल्याच्या बायकोला आपल्या गाडीत बसवलं. जाता जाता चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी मी फोनवर नव्हतो बरं का. जोर लावला होता. नाही गाठू शकलो.” आणि निघून गेला.

चष्मेवाला एकटाच फरशांच्या ढिगावर बसून राहिला. साडूचं ते वाक्य ऐकायला त्यानं महिनाभर काय काय सोसलं होतं. आता ते मिळालं होतं आणि त्याचं काय करायचं, तेच सुचत नव्हतं. डोक्यात दुसरंच घुमत होतं. दोन वर्षं. तीन चष्मे. त्याच्याकडेही डोळ्यात मारायची बॅटरी होती, खुर्चीच्या उजव्या हाताला, खिळ्यालाच टांगलेली.

वस्ताद स्कूटरवर भरलेली बॅटरी घेऊन आला. कामाला लागल्यावर त्यानं आपणहून तोंड उघडलं, हे नवलच.

“थरथर जाणवली का कधी?”

“आरशात.”

“मग आला का नाहीत?”

“आरसाच खराब आहे असं धरून चाललो. वस्ताद, आणखी दोन महिने अशीच चालवली असती तर?”

“कदाचित काही झालं नसतं. कदाचित क्रँकनं राजीनामा दिला असता. रबर काढून टाकलेल्या गाडीबद्दल मी शब्द देत नाही.” त्यानं झाकण आपटलं. “ही पुली शर्यतीच्या गाडीला ठीक. ती कुठे पुलावर उभी राहते? तुमची गाडी आयुष्यभर उभीच राहणार. सासूला आणा, बायकोला सोडा.”

चष्मेवाला दवाखान्यात पोचला तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. सासूबाई उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून चहा पीत बसल्या होत्या. मुली औषधं आणायला गेल्या होत्या, साडू कुणाशी तरी खराखुरा फोनवर बोलत होता. चष्मेवाला स्टुलावर बसला. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून खिशातलं पिवळं फडकं काढून घड्या घालायला लागला.

“आई, मला तो मोतीबिंदू दिसायला हवा होता.”

“दिसला नव्हता की बघितला नव्हता?”

त्यानं फडक्याची आणखी एक घडी घातली. “दुसऱ्यांदा शंका आली होती. पण पाव नंबरानं भागेल असं वाटलं. डॉक्टरकडे धाडलं, तर माझ्या हातात काही उरत नाही ना.”

सासूबाईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, “माझ्या वर्गात एक मुलगा होता. उत्तर चुकलं की आकडे थोडे इकडेतिकडे करून पुस्तकातल्या उत्तराला जुळवायचा. हुशार होता हो. नापास मात्र व्हायचा.”

“पुढे काय झालं त्याचं?”

“लिफ्टवाला झाला,” सासूबाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की परिचारिका धावत आली, पट्टी हलेल म्हणून रागावली.

चष्मेवाला आ वासून साडूकडे बघत राहिला. ते खरं होतं की सासूबाईंनी तिथल्या तिथे रचलं, हे त्याला कुणी कधीच सांगितलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात वस्तादानं निळी काढून जड पुली परत बसवली. एसी सिग्नलला गार राहिला, दिवे मान डोलवायचे थांबले, आरशात ट्रक ट्रकसारखा दिसायला लागला. टेकडीवर मोटार आपली पूर्वीसारखी मागे राहते. चष्मेवाला अजूनही पुढे झुकतो, ती खोड काही गेली नाही.

दुकानात मात्र फरक पडला. दहा गिऱ्हाइकांतल्या दोघा-तिघांना तो बॅटरी मारून बघतो आणि सरळ डॉक्टरकडे पाठवतो. एका निवृत्त पोस्टमास्तरांना तर चक्क म्हणाला, “तुमचा नंबर आहे तसाच आहे.” पोस्टमास्तर भडकले. त्यांना वाटलं हा टाळतोय. ते दुसऱ्या दुकानात गेले आणि तिथून पाव नंबर वाढवून आले.

महिन्याभरानं सासूबाई नव्या चष्म्यासाठी स्वतः खाली आल्या, बसनं. त्यानं तासभर तपासलं, डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला, काच घासली, काडी कानामागे नीट बसवली. त्यांनी चष्मा लावून खुर्ची रस्त्याकडे फिरवली. इस्त्रीवाल्याच्या शर्टांवरची बटणं मोजली, पलीकडच्या छपरावरचं मांजर बघितलं. मग भुवया आक्रसल्या.

“अजून धूसर आहे?” त्यानं विचारलं.

“डोळा ठीक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “दुकानाची काच कधी पुसलीत शेवटची?”

त्यानं बादली भरली आणि बाहेर जाऊन काच धुवायला लागला. सासूबाई आतून बोट दाखवून कुठे राहिलं ते सांगत होत्या.